अळीच्या पोटाला काय म्हणावं? (शब्द हवा आहे)

सागरान
सागावरच्या अळ्यांबद्दल चार पानांचं माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. वाचणारे गडचिरोली-चंद्रपूरकडचे रोपवन मजूर आणि वनसमित्यांचे लोक. अडलं आहे ते 'गट बॅक्टेरिया'पाशी (इंग्रजी gut, म्हणजे आतडं). शब्द तसाच ठेवला तर 'गट' म्हणजे बचत गटातला गट असंच कोणीही वाचेल. मी 'आतड्यातील जिवाणू' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'कोठ्यातील' केलं. बद्धकोष्ठातला कोष्ठ म्हणजेच कोठा, शब्द अस्सल आहे, असं त्यांचं म्हणणं. पण आपल्याकडे कोठ्यात ढोरं बांधतात. काय ठेवू?

कोशवेडी
कोष्ठ → कोठा हे बरोबर. 'कोठा जड', 'कोठा साफ' सगळीकडे चालतं. कोठी आणि कोठार त्याच कुळातले. पश्चिमेकडचा गोठा मात्र गोष्ठापासून आला. आपला ढोरांचा कोठा गोष्ठाचा नसून कोष्ठाचाच, बंदिस्त जागा या अर्थानं, असं माझं मत. म्हणजे तपासणारे कोशाच्या बाजूनं बरोबर आहेत, पण या पत्रकात तो शब्द नकोच.

मध्यांत्र
'आतडं' का खटकतं ते सांगतो. अळीची पचननलिका तोंडापासून गुदद्वारापर्यंत जवळजवळ सरळ नळी असते. वेटोळी नाहीत, आपल्यासारखं जठर नाही. भाग तीन: अग्रांत्र, मध्यांत्र, पश्चांत्र. पहिल्या आणि शेवटच्या भागाला आतून बाहेरच्या कातडीसारखंच अस्तर असतं. अळी कात टाकते तेव्हा ते अस्तरही निघून जातं आणि त्यावरचे जीवाणूही. मधल्या भागाला असं अस्तर नाही, तिथे अन्नाभोवती पातळ पापुद्रा असतो. पचन मुख्यतः तिथेच होतं. अनेक पानखाऊ अळ्यांत तिथला सामू (पीएच) ९-१० पर्यंत जातो. पत्रकात 'पोट' लिहा, तांत्रिक टिपेत 'मध्यांत्र'.

धुरा
पोट ठीक आहे भाऊ, पण 'पोटातले जंतू' लिहू नका. जंतू आणि जंत दोन्ही जन्तुचेच. पोटाच्या शेजारी जंतू आला की माणूस जंतच वाचतो. 'जिवाणू' गावात रुळलेला आहे. सोयाबीनच्या १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळतात, त्याला सगळे जिवाणू खतच म्हणतात.

कोशवेडी
जीवाणू. जीव + अणू, तत्सम शब्द, 'जी' दीर्घ.

धुरा
पाकिटावर 'जिवाणू' छापलेलं असतं ताई, आणि लोक पाकीट वाचतात. विहीर-विहिरी, जमीन-जमिनी यांत ऱ्हस्व चालतो, मग इथे का नाही?

कोशवेडी
कारण तो नियम तत्सम शब्दांना लागू नाही. पाकिटावरची चूक पत्रकात आली की पुढच्या पत्रकात तिचा दाखला होतो.

सागरान
मूळ मजकुरात पुढे असंही आहे: 'हे सहजीवी जीवाणू अळीला पानं पचवायला मदत करतात.' सहजीवी चालेल ना?

मध्यांत्र
इथे नुसता शब्दच नाही, विधानही तपासा. सहजीवी वाळवीला शोभतो. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव गेले तर लाकूड खाऊनही ती उपाशी मरते. अळीचं तसं नाही. २०१७ मध्ये टोबिन हॅमर या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी रानातल्या १२४ जातींच्या अळ्या तपासल्या. पोटात जीवाणू फारच थोडे, आणि त्यांतले बरेचसे खाल्लेल्या पानावरूनच आलेले. प्रतिजैविक देऊन ते मारले तरी तंबाखूवरच्या एका अळीची वाढ अडली नाही. म्हणून 'सहजीवी' खोडा, 'पानाबरोबर आलेले' लिहा.

नमुना घेतानाही हाच घोळ होतो. अळी आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून निर्जंतुक पाण्यानं दोनतीनदा धुवावी, नाहीतर कातडीवरचे जीवाणू पोटाच्या खात्यात मोजले जातात. त्याच झाडाच्या पानाचा नमुनाही सोबत घ्यावा. पानावर आणि पोटात तेच निघाले तर ते वाटसरू. आणि जीवाणू वाढवायच्या नेहमीच्या आगर माध्यमाचा सामू ७ च्या आसपास असतो, त्यामुळे ९-१० मध्ये जगणारे काही त्यावर उगवतच नाहीत.

धुरा
सामू ९-१० म्हणजे 'अल्कधर्मी' लिहिण्यापेक्षा 'चोपण जमिनीपेक्षाही वरचा' लिहा. माती परीक्षणाचा कागद घरोघरी आहे, चोपण म्हणजे ८.५ च्या वर हे अनेकांना ठाऊक आहे.

कोसापट्टी
पत्रकात बीटीला, म्हणजे अळ्या मारायला फवारतात त्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस जीवाणूला, 'मित्र जीवाणू' म्हटलं असेल तर तो शब्द काढा. आमच्या भागात सागाला लागून ऐनावर, म्हणजे येनावर, कोशाच्या (टसर रेशमाच्या) अळ्या असतात. बीटीचे स्फटिक त्या चोपण पोटात विरघळतात, त्यातलं विष मध्यांत्राच्या भिंतीला छिद्रं पाडतं. साग खाणारी आणि कोसा देणारी, दोघींचं पोट सारखंच. १९०१ मध्ये जपानात इशिवाता या संशोधकाला हा जीवाणू सापडला तोच आजारी रेशीम अळ्यांत. वारा येनाकडे असेल तर फवारणी करू नये, हे ठळक छापा.

मध्यांत्र
बरोबर. आणि हेही छापा: फवारा संध्याकाळी, कारण उन्हात तो लवकर निकामी होतो. अळी लहान असतानाच मारावा, आणि पानाच्या दोन्ही बाजूंना, कारण पोटात गेल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. बोर्डो मिश्रणात (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात) मिसळू नये. अळी काही तासांत खाणं सोडते, पण मरायला दोन ते पाच दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी ती जिवंत दिसते म्हणून लोक औषध वाया गेलं समजतात आणि वरून रासायनिक मारतात.

बीटीनं अळी मरायला पोटातल्या इतर जीवाणूंची मदत लागते का, यावर मात्र वाद आहे. २००६ मध्ये अमेरिकेत जिप्सी पतंगाच्या अळीवर 'लागते' असं दिसलं, नंतर इतर जातींवर काहींना उलटं दिसलं. पत्रकात हे घालू नका.

सागरान
'वाटसरू' शीर्षकात घेतो मग: 'अळीच्या पोटातले वाटसरू'.

कोशवेडी
वाटसरू माणसाला म्हणतात. 'येते-जाते जीवाणू' म्हणा.

धुरा
येते-जाते म्हटलं की मजूर वाटतात. वाटसरूच राहू द्या. आणि पुढे 'जिवाणू', पहिली वेलांटी.

कोशवेडी
दुसरी.