विमान कंपनीचं जुनं तामागोची सापडलंय, चालू करू की तसंच ठेवू?

गोदाकाठ: मामाचं कपाट आवरताना एक खेळणं मिळालं. मामा सहार विमानतळावर कार्गोत होता, नव्वदीच्या शेवटी कामाने जपानला जाऊन-येऊन असायचा, तेव्हाच आणलं असणार. अंड्याच्या आकाराचं, निळं, त्यावर एका विमान कंपनीचं चिन्ह आणि चिमुकलं विमान, खाली तीन बटणं, वर कीचेनची साखळी. मागे सगळं जपानीत लिहिलंय आणि स्क्रू गंजलाय. सहा वर्षांच्या भाचीने बघितलंय, आता ती काही पिच्छा सोडत नाही. सेल कुठला लागेल, आणि चालू झालं तर यात विमान उडवायचं असतं की पक्षी-बिक्षी पाळायचा? शेजारचे दादा म्हणतात चालूच करू नकोस, किंमत येते.

सेलवाला_पेठेतला: वरच्या विमानावर जाऊ नकोस, अशा जाहिरातीच्या खेळण्यांत पुष्कळदा फक्त कवच वेगळं छापलेलं असतं, आत नेहमीचंच स्क्रीनवर पाळायचं पिल्लू. मागे बान्दाईचं, म्हणजे तामागोची बनवणाऱ्या जपानी कंपनीचं, नाव आहे का ते आधी बघ, नसेल तर नक्कल, तशा नकला तेव्हा आपल्याकडे पण ढिगाने यायच्या. अस्सल पहिलं तामागोची असेल तर एलआर४४ चे दोन सेल, घड्याळवाल्याकडे मिळतात. एसआर४४ मिळाले तर तेच घे, थोडे महाग पण टिकतात. आत पांढरं-हिरवं काही साठलेलं असेल तर सेल गळलेत, कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर लावून पूस, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि नीट वाळू दे. गंजलेल्या स्क्रूवर जोर लावू नकोस, डोकं झिजलं की बसलास बोंबलत.

खडूस_काकू: ते सगळं ठीक, पण सहा वर्षांचं पोर आहे ना, मागचा स्क्रू घट्ट बसत नसेल तर खेळणं तिच्या हातात अजिबात देऊ नका. बटण सेल गिळला तर अन्ननलिका जळते, आणि ते दोन-तीन तासांत पण होऊ शकतं. तसं काही झालं तर वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

बे_एरिया_बंड्या: शेजारच्या दादांचं मला अर्धंच पटतं. किंमत येते ती डब्यासकट, कागदपत्रासकट आणि कोरं असेल तर. तुझं कपाटात पडून राहिलेलं, गंजलेलं, त्याला कोण काय देणार, भाचीला खेळू दे की.

बाकी यात उडवायचं-बिडवायचं काही नसतं. तामागोची जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ ला आलं, स्क्रीन ३२ बाय १६ ठिपक्यांची, त्यात कसलं विमान. घड्याळ लावलं की पाचेक मिनिटांत अंडं फुटतं, पहिला तासभर पिल्लू सारखं कोकलतं, मग जरा दम खातं. डावं बटण निवडायला, मधलं हो म्हणायला, उजवं मागे जायला. डावं-उजवं एकत्र दाबलं की आवाज बंद. एक दिवस म्हणजे त्याचं एक वर्ष. मेलं तर जपानी आवृत्तीत भूत आणि थडगं दिसतं, इंग्रजीत देवदूत, भाचीला आधीच सांगून ठेव नाहीतर रडारड.

गंमत म्हणजे विमानाची जाहिरात करायला निवडलं काय, तर ज्याला बंद करायचं बटणच नाही असं खेळणं! तेव्हा टेकऑफ-लँडिंगला सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं बंद करायला लावायचे, आणि हे एखाद्या बाईच्या पर्समध्ये पीप पीप करतंय. पोरं शाळेत नेऊन बसायची, शाळांनी बंदी घातली, १९९७ चं अर्थशास्त्राचं इग नोबेल (नोबेलची नक्कल करून देतात तो गमतीचा पुरस्कार) पण यालाच, लोकांचे लाखो तास वाया घालवल्याबद्दल.

गोदाकाठ: आभारी आहे सगळ्यांचा! बान्दाईचं नाव आहे. घड्याळवाल्याने स्क्रू काढला, व्हिनेगरने पुसलं, चालू पण झालं पण स्क्रीनवर डावीकडच्या तीन उभ्या रेघा येतच नाहीत. आणि रात्री याचं काय करायचं?

सेलवाला_पेठेतला: स्क्रीन आणि बोर्डाच्या मध्ये एक रबराची पट्टी असते, ती सरकली किंवा मळली असणार. बोर्डाचे स्क्रू काढून पट्टीची कड अल्कोहोलने पूस, परत बसवून स्क्रू सगळीकडून सारखे आवळ. पट्टीला बोट लावू नकोस.

बे_एरिया_बंड्या: रात्री ते आपणहून झोपतं, तू फक्त खेळातला दिवा घालव. दिवसा कुठे जायचं असेल तर घड्याळ लावायच्या स्क्रीनवर नेऊन तसंच सोड, तिथे वेळ थांबते, परत आलीस की पुढे चालू. तेवढं वेळेचं मात्र नव्याने लावावं लागेल.

खडूस_काकू: आणि मागचा स्क्रू?

गोदाकाठ: नवा टाकलाय काकू, घट्ट बसलाय.