बेघर मायलेकरांना निवारागृह हवे की भाड्याची खोली?

आडवाट :
गेल्या महिन्यात आमच्या शहरातील एका आश्रयगृहातून एका बाईंनी आपले नाव स्वतःहून काढून घेतले. त्यांना तेथे कोणी छळले नव्हते, जेवणही बरे होते. पण मोठ्या मुलाला बारा वर्षे पूर्ण होत होती आणि त्यानंतर त्याला बालगृहात पाठवावे लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. निराधार बायकांसाठीच्या पूर्वीच्या स्वाधार गृहांना आता शक्ती सदन म्हणतात, आणि त्या योजनेत मुलगी आईजवळ राहू शकते, मुलगा मात्र बाराव्या वर्षापर्यंतच. बाई दोन्ही मुलांना घेऊन बसस्थानकाजवळच्या पदपथावर परतल्या. जी सोय मायलेकरांची ताटातूट केल्याशिवाय छप्पर देत नाही, ती वाढवत नेण्यापेक्षा त्याच पैशातून एका खोलीचे दोन वर्षांचे भाडे भरावे आणि आठवड्यातून एकदा समाजसेविकेने तेथे जाऊन यावे, असे माझे मत आहे. यावर आपण लिहावे.

उंबरा :
मी काही वर्षे अशाच एका गृहाची अधीक्षिका होते, म्हणून प्रथम एक दुरुस्ती करते. बारा वर्षांची अट महिला व बालविकास खात्याच्या योजनेतली आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून उभ्या राहिलेल्या, महापालिकांनी चालवायच्या निवाऱ्यांमध्ये कुटुंबासाठी वेगळा प्रकार आहे आणि तेथे मुलगा आईसोबत राहू शकतो. दोन खात्यांच्या दोन योजनांची एकमेकींशी ओळख नसल्यामुळे त्या बाईंना कोणी तिकडे पाठवले नाही, आणि हा दोष निवारागृह या कल्पनेचा नव्हे.

आता खोलीविषयी. रात्री अकरा वाजता पोलीस एखाद्या बाईला घेऊन येतात, तिच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल असते आणि अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नसते. त्या वेळी भाड्याची खोली कोठून आणायची? अकरा महिन्यांच्या करारासाठी डिपॉझिट लागते, पोलीस पडताळणीसाठी ओळखपत्र लागते, आणि ‘नवरा कुठे असतो?’ या प्रश्नाचे उत्तर घरमालकाला पटावे लागते. शिवाय शोधत आलेल्या नवऱ्याला गृहाच्या फाटकावरचा पहारेकरी अडवतो. चाळीतल्या खोलीचे दार कोण अडवणार? पंडिता रमाबाईंनी 1889 साली शारदा सदन काढले तेव्हा भिंतींच्या आत बायकांना जे निर्धास्तपण मिळाले, त्याची गरज अजून संपलेली नाही.

आडवाट :
ताई, दुरुस्ती मान्य आहे आणि पहिल्या रात्रीसाठी गृह हवेच, याबद्दल माझा वाद नाही. माझा प्रश्न तीनशेव्या रात्रीचा आहे. तोपर्यंत बाई कामाला लागलेली असते, पण रात्रपाळी घेऊ शकत नाही, कारण फाटक ठरलेल्या वेळी बंद होते. मुलांना स्वयंपाकाचा वास म्हणजे काय, हे मोठ्या भांड्यातल्या आमटीवरूनच कळते.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा नाही. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेच्या ‘होम अगेन’ उपक्रमात मानसिक आजारातून सावरलेल्या चार-पाच जणी सामान्य वस्तीतल्या भाड्याच्या घरात राहतात आणि मदतनीस सोबतीला असते. रत्नागिरीतही हे काम झाले आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या 19व्या कलमाखाली तर न्यायालय नवऱ्याला पर्यायी घर द्यायला किंवा त्याचे भाडे भरायला सांगू शकते. म्हणजे भाडे हा कायद्याने ओळखलेला उपाय आहे, मी काढलेली टूम नव्हे.

तागडी :
19व्या कलमाचा आदेश मिळेपर्यंत किती तारखा पडतात, हे ज्यांनी न्यायालयाच्या व्हरांड्यात पाहिले आहे त्यांना सांगायला नको. अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो खरा.

माझा आक्षेप वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा सांगितला. 2011च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे 1 कोटी 24 लाख होती, म्हणजे तेव्हाच सव्वाशेच्या आसपास निवारे हवे होते. निधी असूनही शहरांमध्ये काम होत नाही, हे पाहून न्यायालयाला 2016 साली न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निवारा झाला नाही तर आपण त्या निकालावर बोट ठेवून महापालिकेला जाब विचारू शकतो. भाड्याचे अनुदान अंदाजपत्रकातली एक ओळ आहे. ती पुढच्या मार्चमध्ये खोडली गेली तर कोणाकडे दाद मागणार? भिंत एकदा उभी राहिली की पाडणे निदान दिसते तरी.

रानवाट :
मी फक्त अनुभव लिहितो. आई, मी आणि बहीण तीन वर्षांत चार खोल्यांमध्ये राहिलो, कारण भाडे थकले की सामान बाहेर. दर वेळी माझी शाळा बदलली आणि सातवीचा अर्धा अभ्यास मी केलेलाच नाही. पुढे मला बालगृहात ठेवले गेले. आई महिन्यातून एकदा भेटायला यायची, आणि त्या रविवारच्या आदल्या रात्री मला झोप लागत नसे. पण दहावी मी तेथूनच झालो. त्यामुळे आडवाट यांनी खोलीला घर म्हणू नये; आणि ताटातुटीला ‘शेवटी मुलाच्या हिताचेच’ असेही कोणी म्हणू नये.

आडवाट :
चार खोल्यांचे वाचून मी थांबलो. भाडे थेट बाईंच्या हाती देऊन चालणार नाही, हे मला त्यातून पटले. करार संस्थेच्या नावाने आणि अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा केला, तर घरमालकाला भाड्याची हमी मिळेल, मुलांची शाळा टिकेल आणि नवऱ्याला कागदोपत्री पत्ताही सापडणार नाही. तागडी यांच्या आक्षेपाला मात्र माझ्याजवळ आज उत्तर नाही.

उंबरा :
संस्थेच्या नावाने करार झाला की बाईच्या हाती रहिवासाचा पुरावा उरत नाही, आणि शिधापत्रिका तेथेच अडते. तीन वर्षांनी ती बाहेर पडेल तेव्हा त्या खोलीत ती राहत होती, असे सांगणारा एकही कागद तिच्याजवळ नसेल. निवारागृहात निदान अधीक्षिकेच्या सहीचा दाखला मिळतो. मी स्वतः असे कितीतरी दिले आहेत. करारात वास्तव्य करणारी व्यक्ती म्हणून तिचे नाव घालता येते का आणि शिधावाटप कार्यालय ते मानते का, हे आधी पाहावे लागेल. सोमवारी नोंदणी कार्यालयात माझे काम आहे, तेथे विचारून लिहिते.