क्लब चार्ट: विक्री नव्हे, डीजेंचा कौल

डान्स चार्ट, म्हणजे नाचाच्या गाण्यांची क्रमवारी, हा रेकॉर्ड विक्रीचा आकडा असतो असं कुणी म्हणेल. 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या क्लब चार्टला हे लागू नव्हतं. 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या डिस्कोंपासून सुरू झालेली ती यादी डीजे काय कळवतात यावर उभी होती: कुठल्या गाण्याला नाचायचा फ्लोअर भरतो, कुठल्याला लोक बसतात. गोम इथेच आहे. 1975 पासून रेकॉर्ड पूल, म्हणजे रेकॉर्ड मिळवून आपसांत वाटणारे डीजेंचे गट, आले. कंपन्या त्यांच्यामार्फत डीजेंना प्रोमो (प्रसिद्धीसाठीच्या) रेकॉर्ड फुकट वाटायच्या, बदल्यात डीजेंनी प्रतिक्रिया लिहून द्यायची. मग जी तबकडी पोचलीच नाही, ती यादीत येणार कुठून? त्यात कधीकधी अख्खा अल्बम एकाच क्रमांकावर बसायचा. नेमकं कुठलं गाणं चाललं, देव जाणे! 1985 मध्ये 12 इंची सिंगल्सच्या (एका-दोन गाण्यांच्या मोठ्या तबकड्यांच्या) विक्रीची यादी वेगळी निघाली, तेव्हा फ्लोअर आणि गल्ला शेजारी ठेवून बघता आले.