विषय: २७ तारखेची पंगत, ताटं ५५ की ६०?

मंडळी,
कर्वे रोडच्या हॉलवाल्यांना उद्या दुपारपर्यंत ताटांचा आकडा हवाय, म्हणून घाईत लिहितेय. भुकेच्या प्रोजेक्टची पंगत मुलांनी ठरवलीय तशीच ठेवतेय. कोथरूडच्या शाळेतली ४० आणि सुट्टीत अमेरिकेहून पुण्यात आलेली आपली २०, दारातच चिठ्ठ्या. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात २०२४ साली जगात ६७ कोटींवर माणसं उपाशी, म्हणजे शंभरात ८. साठांत ५. त्या पाचजणांपुढे रिकामं ताट. मग सांगू किती?
– अनघा

अनघा,
आकडा राहू दे. पानावर बसलेल्या लेकराला वाढायचं नाही, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? त्या ४० पोरांतली किती दुपारी शाळेच्या खिचडीवर असतात, विचारलंत का? चिठ्ठी नेमकी त्यातल्याच एखाद्याला निघाली तर?
– सुलभाकाकू

काकू, अर्ध्या तासाने सगळ्यांना वाढणारच आहोत. मागच्या मीटिंगमध्ये यावर तासभर बोलणं झालंय, मिनिट्स बघा. खरा घोळ वेगळाच आहे. हॉलवाले बाहेरचं जेवण आत आणू देत नाहीत. म्हणजे कष्टाची भाकरमधून झुणका-भाकर आणायचा बेत बोंबलला.
– मंदार

कष्टाची भाकर मी सुचवली होती, म्हणून बोलतो. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये हे सुरू केलं, हमालाला परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणून. मुलांना तिथेच न्या, हॉल कशाला? पण भोजन समितीला विचारतो कोण! दिवाळीलाही विचारलं नाहीत, आणि श्रीखंडाचे ११ डबे माझ्या फ्रिजमध्ये आले.
– विनय (भोजन समिती, अजून तरी)

उपास आम्हाला चिठ्ठीने कळला नाही. ७२ च्या दुष्काळात मी चौथीत होतो. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. भाकरी थापताना कडा फाटायच्या, आई पाण्याचा हात लावून लावून सांधायची, तव्यावर टाकताना पुन्हा तुटायची. वडील खडी फोडायला जायचे. तिथे मिळालेली सुकडी रुमालात बांधून आणायचे, त्यांच्या वाटची. आता त्याच अमेरिकेत राहून आपण भुकेचं प्रोजेक्ट करतोय.
– शिरीष

शिरीषकाका, मिलो ७२ च्या आधीपासूनचा. आमच्याकडे ६५-६६ लाच आला होता. आजी त्यात थोडं गव्हाचं पीठ मिसळायची, मग तुटत नसे.
– मेधा

मेधा, गव्हाचं पीठ होतं कुणाकडे?
– शिरीष

मिलो पुरे!! शाळेच्या बाईंचा फोन होता. मुलं विचारतायत, शेजारच्याने आपल्या ताटातलं दिलं तर चालेल का? नियमांत आपण याबद्दल काहीच लिहिलेलं नाही. ६० सांगतेय. विनयदादा, भाकरीचं हॉलवाल्यांशी तुम्हीच बोला.
– अनघा

बोलतो. पण लेखी कळव.
– विनय

त्या पाच ताटांत निदान मीठ तरी वाढा गं.
– सुलभाकाकू