फुलीच्या टाक्याचे भरतकाम नव्याने सुरू करताना कापड, दोरा आणि पहिला नमुना कसा निवडावा?

अबोली (सांगली)

नमस्कार. आईच्या ट्रंकेत तिच्या रुखवतात मांडलेला मॅटीचा टेबलक्लॉथ सापडला. त्याच्या चारही कोपऱ्यांत फुलीच्या टाक्याने भरलेले मोर आहेत. ते पाहिल्यापासून मलाही हे काम मनापासून शिकावेसे वाटते आहे. आई आता नाही आणि घरात विचारावे असे दुसरे कोणी नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

शाळेत शिकलेला धाव टाका आणि साखळी टाका एवढेच मला येते. गेल्या महिन्यात मीटरभर मॅटी, लाकडी रिंग आणि दोऱ्याच्या बारा लड्या आणल्या, इंटरनेटवरून गुलाबांच्या परडीचा ८४ बाय ११२ घरांचा आलेख उतरवून घेतला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली. लडीतला दोरा आहे तसा सहापदरी ओवल्यामुळे तो अडकतो आणि ओढला की कापड चुणते. भरलेल्या भागात काही फुल्या चमकतात, तर त्याच रंगाच्या शेजारच्या फुल्या मळकट दिसतात. आलेखावरचे रंगक्रमांक डीएमसी कंपनीच्या दोऱ्यांचे आहेत, पण आमच्याकडे दुकानात अँकर कंपनीचेच दोरे मिळतात. मागची बाजू तर गाठींनी भरून गेली आहे. हे उसवून पुन्हा सुरू करावे का?

सुईदोरा (पुणे)

अबोलीताई, परडी तूर्त बाजूला ठेवा, असे मी सुचवेन. ८४ गुणिले ११२ म्हणजे ९,४०८ घरे होतात. ती सगळी भरायची म्हटली, तर तासाला शंभर फुल्यांच्या माझ्या आजच्या वेगानेही नव्वदहून अधिक तास लागतील. पहिला नमुना ४० बाय ४० घरांच्या आत असावा आणि त्यात चार-पाचच रंग असावेत, म्हणजे हात बसेपर्यंत तो पूर्णही झालेला असतो.

कापड शक्यतो १४ काउंटचे आयडा घ्या. त्यात दर इंचाला १४ घरे असतात आणि प्रत्येक घराच्या चार कोपऱ्यांवर छिद्र स्पष्ट दिसते. नमुन्याच्या घरांना काउंटने भागले की आकार इंचात मिळतो. तुमची परडी १४ काउंटवर ६ बाय ८ इंच झाली असती. चारही बाजूंना तीन-तीन इंच कापड जास्तीचे सोडा, नाहीतर फ्रेम करताना पंचाईत होते. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची घ्या. टोकदार सुई कापडाचे धागे चिरत जाते.

लडीतला दोरा सहा पदरांचा असला तरी १४ काउंटसाठी त्यातले दोनच पदर लागतात, ११ काउंटसाठी तीन. साधारण दीड फूट दोरा कापून एकेक पदर सरळ वर ओढून सुटा करायचा आणि मग दोन पदर एकत्र ओवायचे. दोन्ही पदर एकदम ओढले की गुंता होतो. काम करताना दोऱ्याला पीळ चढतो, तेव्हा अधूनमधून सुई खाली लोंबती सोडली की तो आपोआप उलगडतो.

चमकण्या-मळकटण्याचे कारण फुलीच्या वरच्या टाक्यात आहे. या सुती दोऱ्याला अंगची चकाकी असते आणि टाक्याची दिशा बदलली की प्रकाश वेगळ्या रीतीने परततो. पूर्ण नमुन्यात वरचा टाका एकाच दिशेने गेला पाहिजे, मग ती दिशा कोणतीही ठरवा. मी एका ओळीतले सगळे अर्धे टाके डावीकडून उजवीकडे घालते आणि परत येताना फुल्या पूर्ण करते, त्यामुळे चूक होत नाही.

सुरुवात कोपऱ्यातून करू नका. कापडाची चौघडी घालून मध्य काढा आणि आलेखाच्या मध्याशी तो जुळवा. दर दहा घरांवर साध्या शिवणाच्या दोऱ्याने धाव टाक्याच्या रेषा घालून घेतल्या, तर मोजणी चुकत नाही. काम थांबवताना रिंग काढून ठेवा, तिचा वळ कापडावर राहतो.

इरकल (बेळगाव)

वरील सल्ला योग्यच आहे. मला मागच्या बाजूविषयी लिहायचे आहे. आमच्या भागातल्या कसुती या पारंपरिक भरतकामात गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथे असे चार टाके असतात, आणि त्यातला मेंथे म्हणजे आपला फुलीचा टाकाच. गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन हे आकार कापडावर न छापता केवळ धागे मोजून भरले जातात. त्यात गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसावे लागतात, म्हणून गाठ मारायची नाही हे पहिल्या दिवशीच शिकवतात.

फ्रेममध्ये जाणाऱ्या कामाची मागची बाजू कोणी पाहत नाही हे खरे, पण गाठींचे उंचवटे काचेखाली समोरून जाणवतात. यावर सोपा उपाय असा की, दोन पदरांऐवजी एकच पदर दुप्पट लांबीचा घ्यावा, तो दुमडून दोन्ही टोके सुईत ओवावीत आणि पहिला अर्धा टाका घालताना मागे राहिलेल्या फाशातून सुई काढून दोरा ओढावा. शेवट करताना दोरा मागच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवून कापावा.

रंगांसाठी क्रमांकांचे तुलनातक्ते मिळतात. डीएमसीचा काळा ३१० म्हणजे अँकरचा ४०३, पण इतर छटा तंतोतंत जुळतीलच असे नाही, म्हणून तक्त्यावर न विसंबता लड्या दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहाव्यात. जो रंग जास्त लागणार, त्याच्या सगळ्या लड्या एकदम घ्याव्यात. नंतर आणलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघू शकते.

अबोली (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. वृंदावनाचा उल्लेख वाचून मी आलेखकागदावर ३९ घरे रुंद आणि ४५ घरे उंच असे वृंदावन काढले आहे. मात्र माझी मॅटी मोजून पाहिली, तर आडव्या इंचात १३ घरे येतात आणि उभ्या इंचात १५. याने काही फरक पडेल का?

सुईदोरा (पुणे)

नक्कीच पडेल, आणि सुरू करण्याआधी मोजलेत हे फार चांगले केलेत. या कापडावर तुमचे वृंदावन तीन इंच रुंद आणि तीनच इंच उंच, म्हणजे चौकोनी आणि बसके होईल. कापड वळवून, इंचाला १५ घरे असलेली बाजू आडवी धरली, तर ते २.६ इंच रुंद आणि जवळजवळ साडेतीन इंच उंच होईल. तुळशीसाठी ही उंची मला तरी जास्त शोभेलशी वाटते, त्यामुळे नवे कापड आणण्याची वाट न पाहता याच मॅटीवर सुरुवात करा. फक्त तिचा एक तुकडा आधी धुऊन आणि इस्त्री करून पुन्हा मोजा, कारण मॅटी आटण्याची शक्यता असते आणि भरल्यानंतर आटली तर फुल्या आखडतात. तयार काम धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरा, लाल दोऱ्याचा रंग जात नाही ना हे आधी पाहून घ्या आणि इस्त्री करताना जाड टॉवेलवर नक्षी खाली करून ठेवा.