मदत हवी आहे: ई बास बासरीच्या ऑर्डरआधी बोटांचं माप कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. एका कारागिरांकडे पांढरी तीनची (पेटीची तिसरी पांढरी पट्टी हा षड्ज), म्हणजे ई बास, ही लांब, खालच्या सुराची बासरी नोंदवायची आहे. प्रतीक्षा यादी जवळपास वर्षाची आहे. माझा नंबर लागत आलाय आणि आगाऊ रक्कम घेण्याआधी त्यांनी ट्यूनिंग व हाताची ठेवण लेखी कळवायला सांगितलंय. ट्यूनिंग ४४० हर्ट्झ ठरलंय, तानपुरा ॲपवरच रियाज असतो.

अडचण हाताची आहे. सध्या ‘जी बास’ या आखूड बासरीवर वाजवते, पेरांनी भोकं झाकते, उजव्या बाजूला धरते. वर्गातली ई बास वाजवून पाहिली. वरची तिन्ही भोकं नीट झाकतात, पण खालच्या हाताची अनामिका सहाव्या भोकावर पुरती बसत नाही, कडेने हवा निसटते आणि पंचम फुसका येतो. मनगट थोडं वळवलं, अंगठा मागे सरकवला, तेव्हा जरा सुधारलं. द्रुत लयीत पुन्हा तेच.

गुरुजी म्हणतात, सहावं भोक अनामिकेकडे थोडं तिरकं पाडून घे. कारागीर तयार आहेत, पण ते आसामात, मी नाशिकला. प्रत्यक्ष जाणं जमणार नाही. एकदा बांबूला भोक पडलं की ते सरकवता येत नाही, म्हणून आधीच विचारते. थोडी आखूड एफ बासरी घ्या असं कृपया सुचवू नका, मला मंद्र सप्तकासाठी ईच हवी आहे.

ज्यांनी लांबून अशी बासरी करून घेतली आहे त्यांनी सांगावं: हाताचा कागदावर काढलेला ठसा पुरतो, की वर्गातल्या बासरीवर अनामिका जिथे पडते तिथे खूण करून भोकांच्या मधल्या रेषेपासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये कळवायचं?