गॅमा किरण दिलेला कांदा किरणोत्सारी होतो का, हे पालकांना कसे समजावावे?

प्रश्न – माध्यमिक शिक्षिका, निफाड तालुका
नमस्कार. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी मी पालकसभेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेतीविषयक संशोधनावर बोलणार आहे. या केंद्राने उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प, म्हणजे कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी गॅमा किरण देणारा प्रकल्प, २००२पासून आमच्या शेजारी, लासलगावला आहे. तरीही तेथून आलेला कांदा खाल्ल्यास किरण पोटात जातात, अशी भीती अनेक घरांत मला ऐकू येते. ही भीती हसण्यावारी न्यावी असे मला वाटत नाही. समजावण्याची सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १ – भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक
उन्हात वाळवलेले पापड रात्री प्रकाश देत नाहीत, येथून सुरुवात करा. गॅमा किरण देणारा किरणोत्सारी पदार्थ, कोबाल्ट-६०, बंदिस्त नळ्यांमध्ये असतो. कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही, केवळ गॅमा किरण त्यातून आरपार जातात. त्यांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट असते आणि कांद्यातील अणूंना किरणोत्सारी करण्यास ती पुरेशी नसते. कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) इतकीच मात्रा देतात. कोंबाच्या वाढत्या पेशी अतिशय नाजूक असल्याने एवढ्यानेच त्यांचे विभाजन थांबते.

प्रतिसाद २ – कांदा उत्पादक
सरांचे म्हणणे योग्य आहे, परंतु बाई, या तंत्राची मर्यादाही त्याच सभेत सांगा, ही विनंती. विकिरणाने कोंब थांबतो, सड थांबत नाही. कांदा नीट सुकवलेला हवा आणि काढणीनंतर तो सुप्तावस्थेत असतानाच किरण द्यायला हवेत. एकदा आत कोंब हलला की उपयोग फारसा होत नाही. एका वर्षी आम्ही उन्हाळ कांदा घाईने, पुरता न सुकवता दिला आणि पुढे चाळीत सड लागल्यावर घरच्यांनी दोष किरणांना दिला. मला कोणी आधी समजावले असते, तर तो गैरसमज आमच्या घरात रुजलाच नसता. शास्त्रज्ञांवरचा विश्वास टिकायचा, तर काय होणार नाही हेही लोकांना आधीच कळायला हवे.

प्रतिसाद ३ – कृषी पदवीधर, अकोला
भुईमुगाचा उल्लेख अवश्य करा. टीएजी-२४ हे ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राने किरणांच्या मदतीने पैदास केलेले वाण आपल्याकडे वर्षानुवर्षे पेरले जाते आणि टीएयू-१ हा उडीदही तेथलाच. अशा पैदाशीत किरण सुरुवातीला बियाण्याला देतात. त्यातून आलेल्या फरकांमधून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत, गरजेप्रमाणे संकर करत वाण तयार होते. शेतकऱ्याच्या हातातल्या शेंगेला मात्र कोणी किरण दिलेले नसतात. कांद्याची गोष्ट निराळी, कारण तेथे किरण खाण्याच्या मालालाच मिळतात. या दोन गोष्टी पालकांसमोर एकत्र करू नका. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला हापूस लासलगावलाच विकिरण करून गेला होता, हेही सांगा.

शिक्षिका
मनःपूर्वक आभार. भुईमुगाच्या शेंगा आणि कोंब आलेला एक कांदा सोबत घेऊन जाते, आणि सडीची मर्यादा मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगेन.